लुडिसिया दर पावसाळ्यात बुडाशीच का सडते?

तक्रार जवळपास सगळ्यांची सारखीच असते. डिसेंबर-जानेवारीत नर्सरीतून लुडिसिया हे शोभेच्या पानांचं ऑर्किड आणलं. काळपट तांबडी मखमली पानं, त्यांवर तांब्याच्या तारा ओढल्यासारख्या शिरा, वर पांढऱ्या फुलांचा तुरा. उन्हाळा सुखरूप गेला, उलट एक-दोन नवे फुटवेही आले. मग जुलैच्या मध्यावर कधीतरी सकाळी बघावं तर अख्खी फांदी आडवी. उचलायला गेलं की मातीलगतचा भाग बोटात लिबलिबतो. शेंडा कापून परत लावला, तो जगलाही, आणि पुढच्या जुलैत पुन्हा तेच. मधल्या काळात बुरशीनाशकाच्या पुड्या संपतात, चक्र मात्र थांबत नाही.

ते थांबत नाही, कारण उपाय सडण्यावर होतो आणि लावण्याची पद्धत तीच राहते. लुडिसियाचं खोड मातीत रोवायचं नसतं, मातीवर आडवं टेकवायचं असतं. बाकीचं सगळं, म्हणजे मिश्रण, पाणी, वारा, औषध, त्याच्यानंतर येतं.

रानात ती रोवलेली नसते

लुडिसिया डिसकलर हे दक्षिण चीन, हाँगकाँग, म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम, मलेशिया आणि पुढे इंडोनेशिया-फिलिपिन्सपर्यंतच्या जंगलांतलं ऑर्किड. जुन्या पुस्तकांत ते हेमारिया या नावानं सापडेल. आपल्याला ऑर्किड म्हटलं की झाडाच्या फांदीला चिकटलेलं, मुळं हवेत लोंबणारं डेंड्रोबियम किंवा वांडा आठवतं. हे तसं नाही. ते जमिनीवरचं आहे. दाट सावलीत, कुजक्या पाचोळ्यावर, शेवाळलेल्या खडकांवर ते सरपटत जातं.

खोड मांसल, पेरापेरांचं. शेंडा उभा वाढतो, जरा लांब झाला की आपल्याच वजनानं खाली झुकतो, टेकतो आणि टेकल्या जागी पेराला लव असलेली जाड मुळं फुटतात. मुळं पाचोळ्यात उतरतात, तीही फार खोल नाही. खोड मात्र वरच, उघड्यावर. त्याच्यावर पाऊस पडतो, ते भिजतं, पण पाणी निथळून जातं आणि खालून-वरून हवा लागते. सावलीत असूनही खोड वाळायला वाव असतो.

कुंडीत आपण काय करतो? जास्वंदीची किंवा सदाफुलीची फांदी लावावी तशी दोन-तीन पेरं मातीत दाबतो, वर माती थापटतो, फांदी डोलायला नको म्हणून आणखी थोडी भर घालतो. उन्हाळ्यात ते खपतं, कारण पुण्या-नाशिकच्या एप्रिलमध्ये कुंडीचा वरचा थर दिवसभरात कोरडा होतो. जुलैत तोच थर आठवडाभर ओला राहतो. मांसल खोड, भोवती गच्च ओला कोकोपीट, हवा नाही. तिथे पिथियम किंवा फ्युझेरियमसारख्या सडवणाऱ्या बुरशी आणि सडवणारे जिवाणू यांपैकी कोण आधी पोहोचतो एवढाच प्रश्न उरतो.

नर्सरीचा गड्डा

दुसरं कारण डोळ्याला दिसतच नाही. नर्सरीतली बरीच रोपं बारीक कोकोपीटच्या घट्ट गड्ड्यात वाढवलेली असतात, कधी त्याला कापडी किंवा प्लास्टिकची जाळीही असते. घरी आणून मोठ्या कुंडीत हलवताना "मुळांना धक्का नको" म्हणून आपण गड्डा तसाच ठेवतो आणि भोवती चांगलं मोकळं मिश्रण भरतो. मग बोट घालून बघितलं तर बाजूचं मिश्रण कोरडं लागतं, आपण पाणी घालतो आणि मधला गड्डा मात्र चिखल झालेला असतो. रोप नेमकं त्या गड्ड्यातच उभं असतं.

लुडिसियाची मुळं तशी मोजकी असतात, त्यामुळे गड्डा काढणं सोपं जातं. कोमट पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा आणि बोटांनी हलकेच मोकळा करा. एखाद-दुसरं मूळ तुटलं तर तुटू द्या. पेराला नवं फुटतं. जाळी असेल तर ती कात्रीनं कापून काढाच.

तिसरी गोष्ट शोभेची बाहेरची कुंडी. आतल्या प्लास्टिकच्या कुंडीला खाली भोकं असली तरी बाहेरच्या सिरॅमिकच्या तळाशी दोन बोटं पाणी साचलेलं असतं आणि ते कुणी बघत नाही. पावसाळाभर ती शोभा माळ्यावर ठेवून द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी नीट बघा, मग कात्री घ्या

खोड खराब झालं म्हणजे सडलंच असं नाही. झाड उपसण्याआधी मातीलगतच्या पेराला चिमटीत धरून हलकं दाबा.

टणक असेल आणि फक्त खालची पानं एकेक करून पिवळी पडून गळत असतील, तर काहीही करू नका. जुनी पानं जातातच. फूल येऊन गेलेल्या फांदीचा शेंडाही पुढे वाढत नाही. वाढ तिच्या खालच्या पेरांतून नव्या फुटव्यांवाटे होते. मार्च-एप्रिलमध्ये "झाड मरतंय" म्हणून उपसलेल्या लुडिसियांपैकी कितीतरी अशा धडधाकट असतात.

सुरकुतलेलं पण कोरडं असेल तर मातीकडे बघा. माती कोरडी असेल तर तहान आहे, पाणी द्या, दोन-चार दिवसांत खोड भरतं. माती ओली आणि तरी खोड सुरकुतलेलं, तर खाली मुळं गेली आहेत. पाणी आहे पण ते ओढायला कुणी नाही. इथे बहुतेक जण आणखी पाणी घालतात, आणि जे दोन आठवड्यांत व्हायचं ते दोन दिवसांत होतं.

मऊ, पाणचट, साल बोटानं सरकते आणि घाण वास येतो, तर ती जिवाणूंची सड आहे. ती फार वेगानं चढते, सकाळी एका पेरावर दिसली तर संध्याकाळपर्यंत दुसऱ्यावर. इथे बुरशीनाशकाचा उपयोग नाही. आजच कापायचं, रविवारची वाट बघायची नाही.

तपकिरी-काळपट, फारसा वास नाही, हळूहळू वर सरकणारी सड बहुधा बुरशीची किंवा पिथियमसारख्या बुरशीसदृश जीवाची. आणि मातीलगत पांढरे कापसासारखे धागे, त्यांत मोहरीच्या दाण्यांएवढे आधी पांढरे, मग तपकिरी होत जाणारे गोल दाणे दिसले, तर ती स्क्लेरोशियम. भुईमुगाच्या शेतात खोडकूज करते तीच. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं तग धरतात, म्हणून ती माती दुसऱ्या कुंडीत टाकायची नाही, कंपोस्टच्या डब्यातही नाही. सरळ कचऱ्यात.

सड मातीलगत नसून खोडाच्या मध्यावर असेल, तर कारण वेगळं. लुडिसियाच्या पानाचा देठ बुडाशी खोडाला वेढून बसतो. गॅलरीत पावसाचे शिंतोडे येत असतील किंवा संध्याकाळी वरून फवारा मारायची सवय असेल, तर त्या वेढ्यात पाणी रात्रभर थांबतं आणि तिथून सड सुरू होते. अशी कुंडी आत घ्या आणि फवारा बंद करा, एवढंच.

वाचवायचं कसं

पातं गॅसवर तापवून किंवा स्पिरिटनं पुसून घ्या. सडलेल्या भागाच्या वर, दिसायला निरोगी असलेलं किमान एक पूर्ण पेर सोडून काप द्या. कापलेला चेहरा सगळीकडे एकसारखा फिकट, स्वच्छ दिसला पाहिजे. मध्ये तपकिरी ठिपका किंवा कडेला गडद कडं दिसलं तर पातं पुन्हा पुसा आणि आणखी एक पेर वर जा. पातं न पुसता दुसरा काप देणं म्हणजे सड आपल्या हातानं वर नेणं. शेवटी हातात दोन पानांचा शेंडा उरला तरी चालेल. त्याच्यापासून वर्षभरात पुन्हा झाड होतं, ही या ऑर्किडची मोठी सोय आहे.

कापलेलं टोक सावलीत, पंख्याच्या हवेत काही तास ते एक दिवस उघडं ठेवा. कापावर दालचिनीची पूड लावली तर चालते, ती टोक कोरडं करते. फक्त मुळांना लागू देऊ नका, तीही कोरडी पडतात.

मूळ फुटण्यासाठी दोन रस्ते आहेत. पहिला पाण्याचा. छोट्या बाटलीत खालचं एकच पेर बुडेल एवढं पाणी, दोन-तीन दिवसांनी बदलायचं. हे सोपं आहे आणि पावसाळ्यात भरवशाचं आहे, कारण टोक पुन्हा सडायला लागलं तर काचेतून लगेच दिसतं. दुसरा शेवाळाचा. स्फॅग्नम मॉस भिजवून घट्ट पिळायचं, पसरट भांड्यात अंथरायचं आणि त्याच्यावर कापलेली फांदी आडवी ठेवायची. केसांच्या आकड्यासारखी वाकवलेली तार घेऊन ती दोन ठिकाणी टेकवून धरायची. मुळं यायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. मधल्या काळात फांदी उपटून "आली का मुळं" बघण्याचा मोह आवरावा लागतो, हे मी मुद्दाम लिहितोय.

पानं नसलेले, पण टणक राहिलेले खोडाचे तुकडेही फेकू नका. तेही मॉसवर आडवे ठेवले तर पेराच्या डोळ्यातून फुटवा येतो. वेळ जास्त लागतो, इतकंच.

औषधाबद्दल दोन शब्द. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक बऱ्याच घरी असतं, पण ते पिथियम किंवा त्याच्याच जातकुळीच्या फायटोफ्थोरावर चालत नाही. त्यांच्यासाठी मेटालॅक्झिल असलेलं मिश्रण लागतं. आणि जिवाणूंच्या सडीवर या दोन्हींचा उपयोग नाही. म्हणून "मी फवारलं होतं तरी सडलं" हे वाक्य इतकं वारंवार ऐकू येतं. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी प्रतिबंध म्हणून नव्या मिश्रणात मिसळायला हरकत नाही, पण लिबलिबीत झालेल्या खोडावर ते ओतून काहीही परत येत नाही.

परत लावताना

खोल कुंडी नकोच. उथळ आणि पसरट भांडं घ्या: बोन्सायचा ट्रे, नाहीतर पक्ष्यांना पाणी ठेवतो ते मातीचं परळ, तळाला ड्रिलनं चार-पाच भोकं पाडून. चार बोटं खोली भरपूर झाली. मातीच्या भांड्याचा फायदा म्हणजे ते बाजूनंही वाळतं.

मिश्रणात दोन टोकाच्या चुका दिसतात. काही जण "ऑर्किड आहे ना" म्हणून कोळसा आणि विटांचे तुकडे भरतात. त्यात लुडिसियाची मुळं उन्हाळ्यात वाळून जातात. बाकीचे लाल माती, शेणखत आणि गांडूळखत भरतात. गांडूळखत पावसाळ्यात चिकट गाळ होतं. मला जमलेलं मिश्रण मधलं आहे: अर्धा वाटा चाळणीवर राहिलेला जाडसर पालापाचोळ्याचा कुजका भाग, उरलेल्या अर्ध्यात नारळाच्या सालीचे छोटे चौकोनी तुकडे, परलाइट (कुंडीत घालायचे पांढरे, हलके खनिज दाणे) आणि बोराएवढे कोळशाचे तुकडे. मूठ भिजवून दाबली तर मुटका होऊ नये, उघडल्यावर सुटलं पाहिजे. नारळाचे तुकडे आधी दोन-तीन वेळा पाणी बदलून भिजवा, त्यांत मीठ असतं.

भांडं काठापर्यंत भरा. मुळं फुटलेली फांदी त्यावर आडवी टेकवा, फक्त मुळांवर थोडं मिश्रण पसरा, खोड दिसत राहिलं पाहिजे. तारेच्या आकड्यानं अडकवा. सुरुवातीला ते विचित्र दिसतं, शेजारीण "अगं, हे लावायचं राहिलंय" असं म्हणतेच. महिन्याभरात शेंडा आपणहून वर वळतो.

पाणी, वारा आणि व्हिडिओतला सल्ला

एप्रिल-मे मध्ये रोज किंवा दिवसाआड पाणी घालायची सवय लागलेली असते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की हवा दमट होते, ढगांमुळे उजेड कमी होतो, झाड पाणी कमी ओढतं, कुंडी वाळत नाही. पण हाताची सवय तशीच राहते. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातून एकदा पाणी बहुतेक वेळा पुरतं. ठाणे, रत्नागिरी, पणजीकडे त्याहूनही कमी. वार ठरवून घालू नका, भांडं उचलून वजन बघा. कोरडं आणि ओलं यांतला फरक हाताला चटकन कळतो. पाणी सकाळी, मातीला, पानांना नाही.

इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ युरोप-अमेरिकेतले असतात. तिकडे हिवाळ्यात खोल्या तापवतात, हवा कोरडीठाक होते, म्हणून ते लोक काचेची पेटी, ह्युमिडिफायर, रोजचा फवारा सांगतात. त्यांच्यासाठी ते बरोबर आहे. आपल्याकडे जुलैत खिडकी उघडली की जी हवा आत येते, तीच मुळात त्या पेटीसारखी असते. मुंबईत पावसाळ्यात लुडिसिया बंद बरणीत ठेवायची म्हणजे सडीला निमंत्रण. मॅकोडेस पेटोला किंवा अनेक्टोचायलस यांसारख्या नाजूक भावंडांना जास्त दमटपणा लागतो हे खरं, पण लुडिसिया त्या मानानं दणकट आहे. तिला घरातली साधी हवा चालते. तिला पावसाळ्यात हवं असतं ते हलतं वारं. छताचा पंखा सर्वांत कमी वेगावर रात्रभर चालू ठेवला तर निम्मं काम होतं.

पावसाळ्यात खत पूर्ण बंद. नत्रामुळे आलेली लुसलुशीत वाढ आधी सडते. उघडीप झाल्यावर, ऑक्टोबरपासून, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या पाव भागानं सुरुवात करा. तांदळाचं पाणी, ताक, गूळपाणी हे घरातल्या छोट्या कुंडीत नको. त्यानं मातीवर बुरशीचा थर येतो आणि चिलटं होतात. कुंडीभोवती काळी चिलटं उडत असतील, तर वरचा थर सतत ओला आहे याची ती खूणच समजा.

नक्षी फिकी पडली तर

हा प्रश्न सडीला जोडूनच येतो, कारण सड थांबवायला लोक कुंडी उन्हात नेतात. थेट उन्हात लुडिसियाची पानं विटकरी-तपकिरी होतात, शिरा आणि पान यांतला फरक पुसला जातो, मखमल करपते. या पानांचा पृष्ठभाग फुगीर, शंकूसारख्या पेशींचा असतो. त्यांच्यामुळेच तो मखमली दिसतो आणि प्रकाशात चमकतो. जंगलाच्या तळाशी पोहोचणाऱ्या थोड्याशा उजेडावर जगणारं पान आहे ते. पूर्वेच्या खिडकीत पडद्यामागे किंवा उत्तरेच्या खिडकीलगत ते खूश असतं.

उलट फार अंधारात दोन पानांमधलं अंतर वाढतं, खोड बारीक आणि लांबुडकं होतं, नव्या पानांच्या शिरा मंद दिसतात. अशी लांबुडकी खोडं पावसाळ्यात आधी बळी पडतात. जूनमध्येच कुंडी खिडकीच्या एक हात जवळ सरकवली तर पुष्कळ फरक पडतो. करपलेलं पान पुन्हा पूर्ववत होत नाही. सुधारणा झाली की नाही, हे पुढच्या नव्या पानावरून ठरवायचं. आणि पान हिरवंगार, शिरा रुपेरी-पांढऱ्या असतील, तर काही बिघडलेलं नाही. तो अल्बा प्रकार आहे, तो तसाच असतो.

पानांच्या वेढ्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं तर ते मात्र बुरशी समजून औषध मारण्याआधी काडीनं उकरून बघा. बऱ्याचदा तो पिठ्या ढेकूण असतो. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीनं टिपून काढा, आठवड्यानं पुन्हा बघा. कोकणात पावसाळ्यात गोगलगाई, शंखाच्या आणि बिनशंखाच्या दोन्ही, रात्रीत पानं कुरतडतात. त्यांच्यासाठी रात्री बॅटरी घेऊन फिरणं हाच माझ्या माहितीतला खात्रीचा उपाय.

एक बाजूची गोष्ट

लुडिसिया वारंवार गेली की काही जण म्हणतात, "आपल्याकडचंच जंगली आणू, ते इथल्या हवेला सरावलेलं असेल." दक्षिण सह्याद्रीत, केरळ-तमिळनाडूच्या सदाहरित जंगलांत, अनेक्टोचायलस इलेटस हे असंच सोनेरी-तांबूस जाळीदार पानांचं ऑर्किड आहे. ते जंगलातून उपटून आणू नका. गॅलरीत ते लुडिसियापेक्षा कितीतरी अवघड जातं, आणि जंगलात त्याची बेटं आधीच तुरळक आहेत. सगळीच ऑर्किडं वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत येतात, हेही ध्यानात असू द्या. लुडिसिया एका फांदीपासून हवी तितकी वाढते, म्हणून ती स्वस्त आहे. कुणाकडे असेल तर दोन पेरांचा तुकडा मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही.

कुंडी बदलायची, गड्डा सोडवायचा, फांद्या आडव्या करायच्या, हे सगळं फुलं सरल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. पावसाआधी मुळं धरायला तीन महिने मिळतात. आत्ता जुलै असेल आणि झाड ठीक असेल, तर फक्त बाहेरची शोभेची कुंडी काढा, बुडाशी थापटलेली माती चमच्यानं बाजूला सारून वरची एक-दोन पेरं उघडी करा आणि पंखा लावा. उपसायचं काम उघडीप मिळाल्यावर. सड लागलेली असेल तर मात्र महिना बघायचा नाही. कापा, पाण्यात ठेवा आणि जुनी कुंडी पुन्हा वापरण्याआधी ब्लीच घातलेल्या पाण्यात अर्धा तास बुडवून, धुऊन, उन्हात कडक वाळवा.